पेटीनंतर कोणते वाद्य?

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातील जुन्या पेटीचा भाता पुन्हा फाटला आणि ‘आता कीबोर्ड घ्यावाच’ हा कित्येक वर्षांचा विषय ऐरणीवर आला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणीची तयारी दर्शविली. निवडीची जबाबदारी मात्र आमच्यावर सोपविण्यात आली. आम्ही इतिहासाचे शिक्षक. स्वरज्ञान म्हणावे तर प्रार्थनेच्या वेळी सूर चुकला एवढे कळण्यापुरतेच. तरीही ही जबाबदारी आम्ही स्वीकारली. त्या निमित्ताने जे शिकलो, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पेटीविषयी. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात जन्मलेले हे वाद्य कलकत्त्यात हाताच्या भात्याचे झाले आणि भजनापासून तमाशापर्यंत सर्वांचे होऊन गेले. तिचे स्वर ठरीव, तिच्यात मींड नाही, या आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली. त्या तीस वर्षांत सामान्य माणसाने मात्र पेटी सोडली नाही. भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी आणि पुढे वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२–२००४) लोककवींनी बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत गाऊन पोहोचविला. वाद्य शुद्ध की अशुद्ध हा वाद त्यांना परवडणारा नव्हता. वाद्य कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी वाजते, एवढेच त्यांनी पाहिले. कीबोर्ड घेतानाही हाच निकष ठेवावा असे आम्हांस वाटले.

बाजारात चौकशी करता दोन जाती समोर आल्या. पहिली अरेंजर. डाव्या हाताने स्वरसंघात दाबला की ताल, बास आणि तंतुवाद्यांची भर असा सारा ताफा आपोआप वाजू लागतो. उजव्या हाताने चाल वाजवायची. सुरुवात, मधली भर, शेवट यांसाठी वेगळी बटणे असतात. यामाहाच्या पीएसआर मालिकेसारख्या अनेक अरेंजरमध्ये ध्वनिवर्धकही अंगचाच असतो. दुसरी जात वर्कस्टेशनची. १९८८ साली आलेल्या कॉर्ग एम-१ने ही कल्पना जगभर रुजविली. त्यात आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर होता. म्हणजे एक वाद्य वाजवून साठवायचे, त्यावर दुसरे, मग तिसरे, असे गाणे थरांनी उभे करायचे. अशा यंत्रात ताफा आयता मिळेलच असे नाही, तो आपणच घडवायचा असतो. काही यंत्रांत बाहेरचा आवाज ध्वनिमुद्रित करून पट्ट्यांवर बसविण्याची सोयही असते. ध्वनिवर्धक मात्र बहुधा वेगळा लागतो.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा उदरनिर्वाह लग्नसमारंभांतील वाद्यवृंदावर चालतो. १४ एप्रिलच्या तालमीसाठी त्याने आपला अरेंजर चार दिवस शाळेत ठेवला. पहिल्याच संध्याकाळी सभागृह दणाणून गेले. मुले हरखली आणि आम्हीही हरखलो. खरेदी ठरल्यातच जमा होती.

तिसऱ्या दिवशी आमच्या ध्यानात आले की ढोलकी खोळीत गेली आहे. इयत्ता आठवीची जी मुलगी ती वाजवीत असे, ती भिंतीला टेकून बसली होती. ‘का गं, आज वाजवत नाहीस?’ असे विचारताच ती सहजपणे म्हणाली, ‘सर, त्यात ढोलकी आहे की.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच आम्हांस अधिक लागले. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. वर्षातील निम्मे दिवस ती त्यांना पाहत नाही. या खोलीत तिच्या हाताखाली काहीतरी तिचे स्वतःचे होते. झांज आणि तुणतुणे वाजविणारी मुलेही त्याच रांगेत बसलेली दिसली. एका यंत्राने पाच मुलांना श्रोते केले होते.

यात यंत्राचा दोष नाही. तो विद्यार्थी एकटा मंचावर उभा राहतो. त्याच्यासाठी अरेंजर म्हणजे पोटापाण्याचा सोबती आहे, आणि त्याची निवड अचूकच आहे. बऱ्याच अरेंजरमध्ये तालाचा भाग बंदही ठेवता येतो. पण कार्यक्रमाच्या घाईत आयता ताल बंद ठेवण्याचा संयम आपण मोठी माणसे तरी किती दाखवू?

समितीत चर्चा झाली. अरेंजरमुळे नवशिक्यास लवकर गोडी लागते आणि खर्चही आटोक्यात राहतो, हे सहकाऱ्यांचे म्हणणे रास्त होते. आम्ही तीन प्रश्न मांडले. वाजविणार कोण? सोबत किती जण असतील? शिकलेले मूल येथून काय घेऊन जाईल? अखेरीस एकसष्ट पट्ट्यांचे, एका मुलास उचलता येईल असे छोटे वर्कस्टेशन घेण्याचे ठरले. पट्टीचा दाब ओळखणारे, बाहेरचा आवाज साठविणारे आणि स्वरपट्टी बदलणारे. हा शेवटचा गुण आमच्यासाठी मोलाचा. नववी-दहावीत मुलांचा आवाज फुटतो. काल काळी चारमध्ये गाणारा आज खाली उतरतो. पेटीवर तेच गाणे नव्या पट्टीत वाजविण्यास नवी बोटे बसवावी लागतात, येथे एक बटण पुरते. ध्वनिवर्धक म्हणून प्रार्थनेच्या सभागृहातील जुनी जोडणी कामी येणार आहे. पेटीचा भाताही दुरुस्त करून घेतला आहे.

यंत्र आल्यावर पहिले काम त्याच मुलीच्या ढोलकीचा ठोका ध्वनिमुद्रित करण्याचे असेल. उद्या ती शाळा सोडून जाईल, तेव्हा तिचा ठोका येथे राहील. आणि तोवर ती स्वतःच वाजवील.

आपल्या पूर्वजांपैकी अनेकांच्या गळ्यात वाद्य आले ते गावकीच्या सक्तीने. काय वाजवायचे, कोणापुढे आणि कोणत्या दारात उभे राहून, हे दुसरेच ठरवीत. जलशाच्या मंचावर ते प्रथम आपण ठरविले. जेऊरच्या या वसतिगृहातील मुलांनी कोणते वाद्य कशासाठी हाती धरावे, हे त्यांचे त्यांना ठरविता यावे, एवढ्याचसाठी ही वर्गणी आपण दिलीत. तिचा हिशेब दप्तरी आहेच. हा त्यामागचा विचार.

जय भीम. नमो बुद्धाय.