जत्रेपुरता बाप

मुळशीतल्या काही घरांत एक गंमत आढळते. पोरं आजोबांना ‘बाबा’ म्हणतात आणि बापाला ‘दादा’. चुलत भावंडांची हाक कानावर पडते, तीच तोंडी बसते. आणि ती सुधारायला बाप घरी कुठे असतो? तो मुंबईला, ‘डब्याला’.

1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याची व्यवस्था उभी केली. पुढे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरचे गडी भावकीच्या ओळखीनं तिकडे जात राहिले. मुळशीकरांना ढकलणारं आणखीही एक कारण होतं. टाटांच्या धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. त्याचे पुढारी सेनापती बापट तुरुंगात गेले, भातखाचरं पाण्याखाली गेली. ते पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज झालं, वीज मुंबईला गेली. माणसंही मागोमाग तिकडेच.

गाठ पडायची ती एप्रिलात. ग्रामदैवताच्या जत्रेसाठी डबेवाले पाच-सहा दिवस सुट्टी घेतात. खाऊ येतो, कपडे येतात आणि पोरगं आजीच्या पदराआडून पाहत राहतं. लाज मोडेपर्यंत यष्टीची वेळ होते. डब्याच्या झाकणावरच्या खुणेवरून स्टेशन, इमारत, मजला सांगणारा हा माणूस पोरगं कितवीत आहे ते बायकोला हळूच विचारून घेतो.

2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे डबे थांबले आणि बाप परतले. या खेपेला परतीची यष्टीच नव्हती.

असं एखादं घर डोळ्यांसमोर आणावं. पहिले आठ दिवस कौतुकाचे. मग बाप म्हणतो, “पाणी आण,” आणि पोरगं आधी आजोबांकडे बघतं. हे बघणं बापाला लागतं. आवाज चढवून काही होत नाही. हुकूम चालायला आधी सवय लागते, आणि ती तर आजोबांच्या नावावर जमा.

एरवी पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या वेळी बाप मुंबईत असायचा. शेण, पाला, गवत थरानं पसरायचं, वरून माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे राब सावकाश भाजतो. यंदा बाप भलतीकडून काडी लावायला जातो. “दादा, तिकडनं नको, भडकंल!” पोरगं ओरडतं. बाप मुकाट्यानं बाजू बदलतो. त्या दिवशी दोघं काळ्या तोंडानं घरी येतात. पुढे आषाढात एकाच खाचरात तरवा लावताना बापाची ओळ वाकडी जाते, याचं हसू होतं.

शाळा बंद, घरात चालता फोन एकच, तोही बापाचा. रेंजसाठी दोघांना टेकाडावर जावं लागतं. शिकवणी मास्तरांची, पण शेजारी बसलेल्या बापाला पोराचं अक्षर पहिल्यांदा नीट दिसतं.

15 ऑगस्ट 2021 पासून लशीचे दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली. काही जण डब्याला परतले. गिऱ्हाइकं घटली होती म्हणून काही राहिले. आपल्या घरातला बाप गेला. संध्याकाळी फोन येतो तेव्हा पोरगं आता जत्रेचं विचारत नाही. राबाला येणार का, ते विचारतं. हाक अजून ‘दादा’च आहे.