रविवारी मोकळी आहेस का?

प्रिय मंजू,

तुझा मेल वाचला आणि लगेच फोनच करणार होते, पण तुझी नि माझी वेळ काही केल्या जुळत नाही. मी मोकळी होते तेव्हा तू गाढ झोपलेली असतेस, आणि तू उठतेस तेव्हा आमच्याकडे एपिसोडसाठी चॅनलने सुचवलेले बदल येऊन पडलेले असतात. म्हणून सरळ लिहायलाच बसले. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

तुझं रडगाणं थोडक्यात असं: व्हँकुव्हरला जाऊन वर्ष होत आलं, संकलनाचं काम मिळत नाही, अर्ज करावा तिथं 'कॅनडातला अनुभव आहे का' म्हणून विचारतात, आणि भेटेल तो एकच सल्ला देतो, नेटवर्किंग कर. अनोळखी लोकांना कॉफीला बोलव, कार्यक्रमांना जा, हसून बोल. आणि तू लिहिलंयस, 'मला हे दारोदार हात पसरल्यासारखं वाटतं.'

वाटणारच. आपण ज्या घरांत वाढलो तिथं ओळखीनं काम मिळवणं म्हणजे वशिला, आणि वशिला हा ज्याला काही येत नाही त्यानं लावायचा. माझ्या वडिलांनी आयुष्यात साधं रेल्वेचं रिझर्व्हेशनसुद्धा कुणाच्या शब्दावर केलं नाही, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! मला त्या अभिमानाबद्दल आदर आहे, पण आपल्या लाइनीत तो जसाच्या तसा चालत नाही गं. 'मालिकेसाठी संकलक पाहिजे' अशी जाहिरात तू कधी पेपरात वाचलीस? आपल्याकडे फोन येतो. 'रविवारी मोकळी आहेस का?' बस्स, एवढंच. कुणीतरी कुणाला तरी तुझं नाव सांगितलेलं असतं म्हणून तो फोन येतो. त्यानं तुझंच नाव का सांगितलं, ते बघायला हवं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तुझी फाइल साउंडला गेली की तिथला आपला रेकॉर्डिस्ट खुशीत असायचा. बाकीच्यांच्या फायली कशा यायच्या ते मी पाहिलंय. संवाद वाट्टेल त्या ट्रॅकवर विखुरलेले, त्यातच रस्त्याचा आवाज मिसळलेला, क्लिपा अगदी काठावर कापलेल्या, त्यामुळे एका आवाजातून दुसऱ्यात अलगद जायला जागाच नाही, आणि फाइलचं नाव 'फायनल फायनल नवीन'. तुझ्या फायलीत संवाद वरच्या ट्रॅकवर, बूम वेगळा, लेपल वेगळा, खाली इफेक्ट, सगळ्यात खाली संगीत. प्रत्येक क्लिपला दोन्ही बाजूंनी थोडी जास्तीची फ्रेम सोडलेली. सुरुवातीच्या दोन सेकंद आधी सिंकसाठी बीप. आणि सोबत एक चिठ्ठी: 'सीन बारामध्ये मागून विमान जातंय. दुसऱ्या टेकमधलं तेच वाक्य काढून खालच्या ट्रॅकवर ठेवलंय, ओठांना बसतंय.' ती चिठ्ठी लिहायला तुला फार तर पाच मिनिटं लागत असतील. त्याची मात्र शोधाशोध वाचायची, आणि रात्रीचे दोन वाजलेले असताना ते वाचणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. त्यानं कधी तुझे आभार मानले नाहीत, 'मॅडम'पलीकडे दोन शब्द बोलला नाही. पण एकदा मी त्या खोलीत बसलेली असताना एका निर्मात्यानं त्याला विचारलं, वेब सिरीज करतोय, संकलनाला कोण घेऊ? त्यानं मॉनिटरवरची नजरही न हलवता तुझं नाव सांगितलं. तुला वाटतं ते काम तुझ्या मुलाखतीमुळे मिळालं!

माझं म्हणणं एवढंच आहे. कामाच्या नात्यातलं बहुतेक सगळं काम करतानाच होऊन जातं. कॉफी ही नंतरची गोष्ट.

पुण्यात आपण प्रभातच्या ज्या जुन्या आवारात शिकलो त्या आवाराचाच इतिहास बघ ना. प्रभात कंपनी निघाली 1929 साली, कोल्हापुरात. भागीदार पाच: दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. सीतारामपंतांचा आधार पैशाचा, पण बाकीचे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतले. भागीदारीचा कागद झाला त्याच्या कितीतरी आधीपासून ते एकमेकांचं काम रोज डोळ्यांनी पाहत होते. कोण वेळेवर येतो, कोणाचा हात सफाईचा, कोण बिघाड झाला की पळ काढतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि हो, शांतारामबापूंना पेंटरांच्या कंपनीत शिरकाव मिळाला तो त्यांचे मावसभाऊ बाबूराव पेंढारकर तिथं होते म्हणून. म्हणजे पहिलं दार नात्यानंच उघडलं, ते कशाला लपवायचं? पण आत गेल्यावर त्यांनी पडेल ते काम केलं. मावसभाऊ तुला दारापर्यंतच नेऊ शकतो.

पुढं हीच प्रभात पुण्याला आली आणि तिथं देव आनंद आणि गुरुदत्त भेटले. धोब्यानं शर्टांची अदलाबदल केली आणि त्यावरून दोस्ती झाली, हा किस्सा तू माझ्याकडूनच कितीदा ऐकला असशील. मी निर्माता झालो तर तू दिग्दर्शक, तू दिग्दर्शक झालास तर मी नायक, असा शब्द दिला गेला आणि 1951 साली 'बाझी'नं तो खरा झाला. किस्सा गोड आहे, म्हणून सगळे सांगतात. मला मात्र त्याच 'बाझी'तल्या दुसऱ्या माणसाची गोष्ट जास्त मोलाची वाटते. व्ही. के. मूर्ती. ते त्या चित्रपटाचे छायालेखक नव्हते, सहायक होते, छायालेखक होते व्ही. रात्रा. एका गाण्यात आरसा आणि फिरता कॅमेरा असा अवघड शॉट होता. मूर्तींनी तो सुचवला आणि स्वतः करून दाखवला. गुरुदत्तनं तिथंच हेरलं, आणि पुढच्या 'जाल'पासून मूर्ती त्याचे छायालेखक झाले. मग 'प्यासा', मग 'कागज के फूल', आणि अखेरीला फाळके पुरस्कार. मूर्ती कुणाला भेटायला म्हणून गेले नव्हते. आपलं नेमून दिलेलं काम करत उभे होते आणि एक जास्तीचं पाऊल टाकलं.

'बाझी'चीच आणखी एक मजा. बसमध्ये प्रवाशांना हसवणारा एक कंडक्टर होता. त्याला गुरुदत्तकडे पाठवलं बलराज साहनींनी, आणि तेव्हा साहनी 'बाझी'चे लेखक होते. त्या कंडक्टरचा जॉनी वॉकर झाला. साहनी काही त्याचे जिवलग नव्हते. येता-जाता पाहिलेला माणूस, एवढंच.

आता इथं थोडं शास्त्र. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1973 साली एक निबंध लिहिला, तो या विषयात अजूनही सगळे वाचतात. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं, ज्या माणसाकडून या नोकरीची बातमी कळली तो तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणाऱ्याकडून कळलेले निघाले 16.7 टक्के. अधूनमधून भेटणाऱ्याकडून 55.6. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याकडून 27.8. माणसं होती अवघी 54, तेव्हा आकडे डोक्यावर घेऊन नाचायला नको, पण कारण अगदी साधं आहे. मी आणि तू रोज बोलायचो, म्हणजे मला ठाऊक ते तुला ठाऊक. नवी बातमी आणणार तो ज्याचं जग तुझ्यापेक्षा वेगळं आहे. गंमत म्हणजे, 'मित्राकडून कळलं का' असं विचारल्यावर बरेच जण त्याला दुरुस्त करायचे: मित्र नाही हो, नुसती ओळख आहे.

तू नेमकी याच लोकांना फोन करायला लाजतेस. 'इतक्या वर्षांनी एकदम काम पडल्यावर आठवण झाली असं वाटेल.' वाटू दे की! समोरच्यालाही अधूनमधून कुणाच्या तरी उपयोगी पडायला बरं वाटतं. तुला कुणी दहा वर्षांनी फोन करून विचारलं, 'ताई, मालिकांच्या लाइनीत शिरायचंय, कुठून सुरू करू?' तर तू फोन आपटशील का? तासभर बोलशील, आणि वर चार नंबर देशील.

मला चीड येते ती वेगळ्याच प्रकारच्या माणसांची. रोज सकाळी सूर्य, गुलाब आणि सुविचार पाठवणारे. पार्टीत मोठ्या दिग्दर्शकाच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढणारे, आणि चहा आणून देणाऱ्या पोराचं नाव दोन वर्षांत न विचारणारे. असल्यांचे फोन मीसुद्धा उचलत नाही.

अगदी अनोळखी माणसाकडे जावंच लागलं तर कसं जावं? फाळक्यांसारखं. 1912 साली ते लंडनला गेले तेव्हा तिथं त्यांचं कुणी नव्हतं. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली, तसे सरळ आत शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. पण नीट बघ, ते साप्ताहिक फाळके मुंबईत मागवून नेमानं वाचत होते. म्हणजे संपादकाला त्यांची माहिती नव्हती तरी त्यांना संपादकाच्या कामाची होती. कॅबोर्ननं आधी त्यांना परावृत्तच केलं, इथं भलेभले बुडतात म्हणाला. हा माणूस हटत नाही असं दिसल्यावर मात्र सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओची वाट दाखवली, आणि हेपवर्थनं आपला सगळा कारखाना फिरवून दाखवला. फाळके विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघून आपण किती हसलो होतो, आठवतं? पण फाळक्यांनी त्या कचेरीत काय मागितलं याचा तेव्हा विचार केला नव्हता. नोकरी नाही, पैसे नाहीत. कुठला कॅमेरा घेऊ आणि काम कुठं बघायला मिळेल, असा नेमका, ज्याला उत्तर देता येईल असा प्रश्न.

तेव्हा तूही तिथल्या संकलकांना 'काही काम असेल तर कळवा' असं लिहू नकोस. त्यावर कुणालाच काही करता येत नाही. त्यांचं काम आधी बघ, मग विचार: तुम्ही ही मालिका कापलीत, तिच्यात सहायकाकडे कुठलं काम असतं? युनियनमध्ये शिरायचं तर आधी काय करावं लागतं? माझ्या भारतातल्या कामातलं काय दाखवलं तर तुम्हाला उपयोगाचं वाटेल? पंधरा मिनिटं माग आणि सोळाव्या मिनिटाला उठ. मग त्यांच्या सल्ल्याचं तू काय केलंस ते महिन्याभरानं दोन ओळींत कळव. हे कळवायचं जवळजवळ कुणी करत नाही, आणि सल्ला देणाऱ्याला नेमकं तेच लक्षात राहतं.

आणि तिकडे एखादं काम तुझ्याकडे आलं, पण जमणारं नसलं, तर नुसतं नाही म्हणू नकोस, दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचव. फक्त ज्याचं काम स्वतः पाहिलंय त्याचंच. भाचा आहे म्हणून एखाद्याचं नाव पुढं केलंस तर त्याच्याबरोबर तुझीही पत जाते, आणि ती परत मिळवायला फार दिवस लागतात. दिलेल्याचा भिशीसारखा हिशेब मात्र ठेवू नकोस, की मी दिलं, आता तुझी पाळी. ज्याला दिलंस तो परत करेलच असं नाही. बहुतेकदा तिसराच कुणीतरी करतो.

तू फक्त मैत्रिणी मोजतेस आणि म्हणतेस, माझं इथं कोणी नाही. ज्यांच्याबरोबर एक रात्र जरी जागून एपिसोड दिला असेल त्या सगळ्यांची नावं लिही. कलरवाले, ग्राफिक्सवाले, डबिंगचे, प्रॉडक्शनमधली ती कडक बाई, सगळे. मग बघ यातलं कोण कुठं पोचलंय.

मी आधीच थोडं बघून ठेवलंय, रागावू नकोस. आपल्या रेकॉर्डिस्टला काल फोन केला होता. त्याच्या हाताखाली तो बारकासा मुलगा होता बघ, ज्याला तू सिंक कसं तपासायचं ते रात्री थांबून शिकवायचीस? तो तिकडंच, व्हँकुव्हरमध्ये एका पोस्ट-प्रॉडक्शनच्या जागी लागलाय. रेकॉर्डिस्टनं तुझं नाव काढल्याबरोबर म्हणे त्या मुलानं ओळखलं, आणि स्वतःहून नंबर दिला. तो तुला वेगळा पाठवते. या शुक्रवारपर्यंत त्यांचं मिक्सिंग चालू आहे, तेव्हा शनिवारी दुपारी कर. लाजून पुढं ढकलू नकोस, मी त्याला तू फोन करणार असं सांगून टाकलंय.

तुझी,
शैला