लेहरा आणि बेस

नेरूळ, नवी मुंबई

चि. भाचीस,


गायक नसलेली, तालावर उभी राहिलेली ध्वनिमुद्रिका समजून घ्यायची तर मराठी कानाने आधी लेहरा आठवावा. एकल तबलावादनात हार्मोनियम किंवा सारंगी एका आवर्तनाची सुरावट न बदलता धरून ठेवते आणि बोलायचं सगळं काम तबला करतो. जमैकाचा डब, अमेरिकेतला जॅझ-फंक आणि सोल यांतल्या वाद्यप्रधान अल्बमांची बांधणी याच जातीची आहे. लेहऱ्याची जागा तिथे बेस घेतो.

अशा तबकड्या बहुधा मागे बसणाऱ्या वादकांनी केल्या. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत सोल गायकांना साथ करणाऱ्या बुकर टी. अँड द एमजीज या चौघांनी १९६२ मध्ये स्टुडिओतल्या मोकळ्या वेळात ‘ग्रीन अनियन्स’ वाजवलं आणि ते गाजलं. हर्बी हॅनकॉकच्या ‘हेड हंटर्स’ (१९७३) मधला ‘कमीलियन’ पंधरा मिनिटांहून लांब आहे. त्याच्या तळाशी सिंथेसायझरवर वाजवलेली बेसची एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा येत राहते.

डबमध्ये हा विचार टोकाला गेला. किंग टबी हा किंग्स्टनमधला इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने तयार गाण्यांतून गायकाचा आवाज काढला, बेस आणि ड्रम पुढे आणले, मधेच एखादं वाद्य बंद केलं आणि उरलेल्याला प्रतिध्वनी दिला. मेलोडिकावादक ऑगस्टस पाब्लोच्या ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ (१९७६) मध्ये हे सर्वांत स्वच्छ ऐकू येतं. तीनतालात खाली आली की डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि सम यायच्या आधी परततो. त्या थांबण्यामुळेच समेला वजन येतं. टबी बेस गायब करून परत आणतो तेव्हा ऐकणाऱ्याला तसाच धक्का बसतो. म्हणून डब आपल्याकडच्या श्रोत्याला परका वाटायचं कारण नाही.

मुंबईत मागे बसणारे वादक होते सिनेमाच्या वाद्यवृंदात, आणि त्यांतले पुष्कळसे गोव्याचे. शंकर-जयकिशन यांच्या नावावर १९६८ मध्ये एचएमव्हीने ‘रागा जॅझ स्टाइल’ काढली. सतार रईस खाँची, सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा, ट्रम्पेट जॉन परेरा यांचा, ड्रम लेस्ली गोदिन्हो यांचे आणि तबला रमाकांत म्हापसेकर यांचा. तोडीने सुरू होऊन भैरवीने संपणाऱ्या या तबकडीत अकरा राग आहेत. तिची अडचणही तीच. प्रत्येक रागाला जेमतेम काही मिनिटं मिळतात; ठेका अंगात मुरायच्या आत तुकडा संपतो. तरीही गोदिन्हो आणि म्हापसेकर एकमेकांना जागा देत वाजवतात ती ठिकाणं पुन्हा पुन्हा ऐकावीत. ड्रम ठोके देतो, तबला त्यांच्यामधली पोकळी भरतो, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं काम हिसकावत नाही.

याहून खोल काम लंडनमध्ये झालं, आणि त्यात मुंबईच्या माणसांचा वाटा मोठा होता. मुंबईहून तिकडे गेलेले तबलावादक केशव साठे हे कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या ‘इंडो-जॅझ सुइट’ (१९६६) मध्ये आहेत. हॅरियट किंग्स्टनचा, तिथल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकलेला. याच शाळेतून पुढे स्काटलाइट्स या वाद्यवृंदाचे अनेक वादक आले आणि जमैकाच्या वाद्यसंगीताचा पाया त्यांनी घातला. म्हणजे ज्या शाळेच्या परंपरेतून पुढे रेगे आणि डब वाढले, तिचा विद्यार्थी आणि आपला ठेका एका खोलीत बसले होते. हे मराठीत फारसं लिहिलं गेलं नाही, याची खंत वाटावी.

याच हॅरियटबरोबर १९६९ मध्ये ‘हम दोनो’ करणारे गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा मुंबईत जन्मलेले, मूळचे गोव्याचे. त्याच वर्षीच्या त्यांच्या ‘इंटिग्रेशन’ मध्ये ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ नावाची रचना आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘कोंकण डान्स’ ध्वनिमुद्रित केला. त्यात तबल्यावर साठे, सतारीवर क्लेम आल्फर्ड आणि सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल आहेत. ही तबकडी २००६ पर्यंत बाहेरच आली नाही. डिसिल्वा १९९६ मध्येच गेले होते. या सगळ्यांत एकच निवडायची झाली तर हीच निवडावी. इथे राग दाखवायची घाई नाही. गिटार, सतार आणि तबला एका चालीवर निवांत रेंगाळतात, आणि लयीला जो वेळ हवा तो मिळतो.

१९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी मुंबईत ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ केली, ती माणसांच्या साथीशिवाय. रोलंड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ एवढीच सामग्री. ३०३ हे यंत्र बेस गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी बनवलेलं. त्यात एक सूर दुसऱ्यात सरकवायची सोय होती, आणि रागदारीतल्या मींडेला ती उपयोगी पडली. तबकडी तेव्हा खपली नाही. शिकागोतल्या फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आलं, त्यात हेच ३०३ होतं. २०१० मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा जगाला ती ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’च्याही पाच वर्षं आधीची असल्याचं कळलं. सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले.

नवी मुंबईत असं गायकाविना, तालावर उभं संगीत तबकडीवर नाही, हळदीत आहे. दिवाळे, करावे, घणसोली अशा गावठाणांतल्या आगरी-कोळी घरांत बेंजो पार्टी येते. बेंजो म्हणजे जपानच्या ताइशोगोतोचा भारतीय अवतार. मूळ वाद्य १९१२ मध्ये नागोयात घडलं. पाब्लोची मेलोडिका जशी मुलांचं वाद्य म्हणून दुर्लक्षित होती, तसाच हाही. विजेवर चालणारा बेंजो गाण्याची ओळ धरतो, ऑक्टोपॅड आणि ढोल-ताशा खालची लय सांभाळतात, एक चाल न थांबता दुसरीत शिरते. गायक बहुधा नसतोच, आणि त्याची गरजही भासत नाही. वादकाची कसोटी लागते ती या जोडावर: चाल बदलते, पण नाचणाऱ्याचा पाय चुकता कामा नये.

मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींत बेंजो तेवढा किंचाळतो आणि खालचा ढोल हरवतो. म्हणजे ज्यावर सगळं उभं आहे तेच नाहीसं होतं. म्हापसेकर आणि गोदिन्हो यांची नावं आज घेता येतात, कारण ती कुणीतरी नोंदवून ठेवली. ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेत आहेसच, तर येत्या लगीनसराईत एखाद्या पार्टीला विचारून ढोलाला वेगळा माइक लाव, पूर्ण हळद टिपून घे, आणि प्रत्येक वादकाचं नाव, गाव आणि वाद्य त्याच रात्री लिहून ठेव.

तुझा,
मामा