दादाजानचे कलम

माझे दादाजान मालेगावात कातिब होते. त्या काळी उर्दू मासिके आधी हाताने लिहिली जात आणि मग छापली जात. बोरूला कत ते स्वतः द्यायचे, शाईही स्वतःच घोटायचे. कलम अडले म्हणून ते कुणाच्या दारात गेल्याचे घरात कुणाला आठवत नाही. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक संगणकावर आली, १९९४ साली इनपेज आले आणि हळूहळू कातिबांचा धंदा बसला.

मी त्यांची नात. उर्दू शाळेत शिकवते. बी.एड. झाले, संगणकाचा कोर्सही केला. पण संगणक अडला की माझा हात आधी फोनकडे जातो. बाजारातला कॉम्प्युटरवाला मुलगा येतो, दोन बटणे दाबतो, पैसे घेऊन जातो. त्याने काय केले ते तो सांगत नाही, मीही विचारत नाही.

२०२३ च्या सहामाहीची गोष्ट. प्रश्नपत्रिका मी घरीच वर्डमध्ये टाइप केली. पाहते तर प्रत्येक ओळ डावीकडे सरकलेली आणि पूर्णविराम वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसलेला. त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पेनड्राईव्ह दुकानात ठेवून जा, करून देतो." त्याच दुकानात माझे विद्यार्थी फॉर्म भरायला बसतात. पेपर फुटला तर? पेनड्राईव्ह हातात घेऊन मी तशीच बसले.

कॉलेजात शिकणारी भाची म्हणाली, "खाला, सगळे सिलेक्ट करा. आता कंट्रोल आणि उजवीकडची शिफ्ट दाबा."

ओळी उजवीकडे आल्या, पूर्णविराम जागेवर गेले. मजकूर उजवीकडून सुरू होतो, एवढेच संगणकाला सांगायचे राहिले होते. हेच तर मी वर्गात मुलांना रोज शिकवते!

हार्डडिस्क बिघडली तर आजही त्या मुलालाच बोलावीन. प्रत्येक आजारावर घरगुती काढा चालत नाही. पण आता तो आला की वही घेऊन शेजारी बसते आणि विचारते, "काय केलेस, बेटा?" आधी तो बावरला, आता आपणहून सांगतो. न समजता उत्तर उतरवणाऱ्या मुलांना मी रागावते, आणि इतकी वर्षे मी तेच करत होते.

दादाजानचे कलम माझ्या कपाटात आहे. त्याला कत कसा द्यायचा, हे त्यांना विचारायचे राहून गेले. आता सांगणारे कुणी नाही.