काटा कधी चढतो?

‘गाडी गरम होते’ एवढं सांगितलं की मेकॅनिक पुढचं समजून घेतो, असं मला वाटायचं. आमची 1998ची पेट्रोल गाडी खंबाटकी घाटात तापली. काटा लाल पट्टीला टेकला, म्हणून ती कडेला घेतली. नंतर जो भेटला त्याने वेगळंच निदान केलं. कोणी म्हणालं कूलंट बदला, कोणी म्हणालं वॉटर पंप गेला. एकाने तर हेड गॅस्केट उडालं म्हणून इंजिन खोलायची तारीखही ठरवून टाकली. गोंधळ असा, की प्रत्येकाचं म्हणणं पटण्यासारखं होतं, कारण यातल्या कशानेही गाडी तापतेच.

आमच्या गल्लीतल्या वयस्कर मेकॅनिककाकांनी मात्र बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, “ताई, काटा कधी चढतो? सिग्नलला उभी असताना, की पळताना?”

मी आठवून सांगितलं, की स्वारगेटच्या गर्दीत काटा मधेच असतो, लांबच्या चढावर वर जातो. “मग पंखा नाही,” ते म्हणाले. उभ्या गाडीला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा, त्यामुळे पंखा बंद पडला की गाडी गर्दीत तापते. रस्त्यावर वेग घेतला की वारा आपोआप जाळीतून जातो. तरीही तापत असेल, तर एक तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. खात्रीसाठी त्यांनी एसी लावला. त्याबरोबर आमच्या गाडीत पंखाही सुरू व्हायला हवा, आणि तो झाला. एका प्रश्नात अर्धी यादी खोडली गेली, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की हे आपल्यालाही समजू शकतं.

गॅस्केटची भीती मला सगळ्यात जास्त होती, कारण अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं तर खर्च फार मोठा. ते तपासणं मात्र सोपं निघालं. ऑइलची पट्टी काढून पाहिली, तेल दुधाळ झालेलं नव्हतं. सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं टोपण काढून गाडी चालू केली, पाण्यात सतत बुडबुडे आले नाहीत. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूरही नव्हता.

टोपणावर 0.9 असा आकडा होता. मी त्याला नुसतं झाकण समजत होते. ते कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं: आत तेवढा दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी 100 ऐवजी 115च्या पुढे जाऊन उकळतं. याच दाबामुळे गरम गाडीचं टोपण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. आमच्या टोपणाचं रबर तडकलेलं होतं. ते बदललं, पाणी बाहेर फेकणं थांबलं, पण चढावर काटा चढायचा तो चढलाच.

आता थर्मोस्टॅट. ‘आपल्या हवेत तो लागतच नाही, काढून टाका’ हा सल्ला मला निदान तिघांनी तरी दिला असेल. काकांनी तो काढला आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, “घरी उकळून बघा.” त्यावर 82 कोरलेलं होतं. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने तळाला न टेकेल असा टांगला, शेजारी थर्मामीटर धरला. ऐंशीपर्यंत काहीच हललं नाही. मग 82च्या पुढे झडप अगदी हळू उचलली जाऊ लागली आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडली. आतलं मेण तापून फुगतं आणि दांडा ढकलतं. ना वायर, ना मोटर! मी गॅस बंद करून पाणी निवू दिलं आणि झडप परत मिटताना पाहिली. इतका चोख चालणारा भाग काढून टाकायचा सल्ला लोक का देतात, मला खरंच कळत नाही. तो नसला तर इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि तेलातला ओलावा उडत नाही.

उरला रेडिएटर. गाडी चालवून आणली, चावी काढली, पंख्याची वायर सुटी केली आणि काकांनी तापमान मोजायची गन जाळीवर फिरवली. वरच्या भागात आकडा नव्वदीजवळ होता. खाली मधोमध मोठा पट्टा मात्र बराच थंड होता. तिथून पाणी जातच नव्हतं. गर्दीत इंजिनाला जोर लागत नाही, तेव्हा उरलेल्या नळ्या पुरत होत्या. चढावर पुरत नव्हत्या. रेडिएटरवाल्याने पितळी टाकीचा डाग सोडवला तेव्हा नळ्यांची तोंडं पांढऱ्या थराने बुजलेली दिसली. वर्षानुवर्षं आमच्या सोसायटीच्या बोअरचं जड पाणी त्यात ओतलं गेलं होतं. त्याने पट्ट्या घालून नळ्या मोकळ्या केल्या आणि टाकी पुन्हा झाळून दिली.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. पुण्यात पाणी गोठायची भीती नाही, पण कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं आपल्याला हवीच असतात. नाक वर येईल अशी गाडी चढावर उभी केली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि टोपण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं. अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघत राहिली, पातळी उतरली की मी भर घालत गेले. काटा अचानक खाली पडला तर सुटकेचा श्वास टाकू नका, असं काकांनी इथे बजावलं: सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला तरी काटा खाली येतो, आणि इंजिन तेव्हाच भाजत असतं.

आता चढावर काटा मधेच राहतो. वॉटर पंपाच्या छोट्या भोकाखाली मात्र कूलंट सुकल्याचा डाग दिसला आहे, म्हणजे आतलं सील झिजायला लागलंय. पंप टायमिंग बेल्टवरच चालतो आणि बेल्टही बदलायला झालाय, तेव्हा दोन्ही कामं एकदमच करून घेणार आहे.