पोट आणि खोट

गॅदरिंगच्या दिवसांत आपल्या कॉलेजात सर्वांत जास्त गर्दी कोणत्या कार्यक्रमाला होते, हे वाचकांना सांगायला नकोच. नाटकाला खुर्च्या रिकाम्या राहतील, पण फिशपाँडला मुले खिडक्यांतसुद्धा बसलेली असतात. २०२३ च्या जानेवारीत, मी एफ.वाय.ला असताना, पेटीतून निघालेली पहिलीच चिठ्ठी माझ्या नावाची होती :

'बाजूला व्हा, बाजूला व्हा, गाडी आली मालाची,
एकट्यानेच फस्त केली भाजी साऱ्या सालाची!'

हॉल हास्याने दणाणला. सर्वांत मोठ्याने हसलो तो मी. उठून उभा राहिलो, पोटावरून हात फिरवला आणि चारी दिशांना वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. लठ्ठ माणसाला ही विद्या लवकर शिकावी लागते. दुसऱ्याने हसण्याआधी आपणच हसून घ्यायचे, म्हणजे मग लागत नाही. निदान लागल्याचे दिसत तरी नाही.

माझे गाव माण तालुक्यातले. पाऊस आमच्याकडे घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि उंबऱ्यावरूनच परत जातो. माझ्या आजीने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. तान्हे मूल झाडाला बांधलेल्या झोळीत टाकून तिने दुष्काळी कामावर खडी फोडली, सरकारने वाटलेल्या सुकडीवर दिवस काढले. त्यामुळे ताटात अन्न टाकणे हे आमच्या घरात पाप. आजी माझ्या ताटाशेजारी बसायची आणि 'चतकोर घे रं' म्हणत अख्खी भाकरी वाढायची. तिच्या लेखी नातवाचे वाढते अंग म्हणजे दुष्काळावर उगवलेला सूड होता. त्या सुडाने एस.वाय.पर्यंत १२६ किलोचा पल्ला गाठला. उंची मात्र पाच फूट पाच इंचांवरच थांबली होती.

वजन उतरवण्याचे प्रयत्न मी केलेच नाहीत, असे मात्र कुणी समजू नये. बारावीनंतरच्या सुट्टीत भात, साखर, तळण सारे बंद केले. पहाटे उठून माळावर धावलो. चार महिन्यांत चौदा किलो उतरले आणि पुढच्या आठ महिन्यांत सतरा चढले. लहानमोठ्या प्रमाणात असे तीनदा झाले. दर वेळी लोक म्हणाले, 'मनाचा निग्रह नाही.' हळूहळू मीही तेच म्हणू लागलो. माझ्यातच काही खोट आहे, अशी माझी पक्की समजूत झाली.

एस.वाय.ला मी वर्गात झोपू लागलो. भाषाविज्ञानाच्या तासाला झोपणारे पुष्कळ असतात, त्यांत विशेष काही नाही. पण मी एस.टी.त दांडीला धरून उभ्या उभ्या झोपलो, तालमीत स्वतःचे वाक्य यायच्या आत झोपलो. मित्रांनी 'कुंभकर्ण' ही पदवी बहाल केली आणि मी ती परीक्षेवाचून स्वीकारली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. एका रात्री जाग आली तर बाबा माझ्या उशाशी बसलेले. हातात मनगटी घड्याळ, दुसऱ्या हातात मोबाईलचा उजेड. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. ते म्हणाले, "घोरता घोरता तुझा श्वास थांबतो, बाळा. आत्ता सत्तावीस सेकंद थांबला होता." तोपर्यंत 'जिभेला लगाम घाल' एवढाच त्यांचा उपदेश असे. त्या रात्रीनंतर त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही.

पुण्याच्या इस्पितळात झोपेची तपासणी झाली. झोपेत श्वास थांबण्याच्या या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि तो मला चांगलाच जडलेला होता. रक्तातली साखरही मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी होती. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बी.एम.आय. म्हणतात. पस्तिशीच्या वर शस्त्रक्रियेचा विचार करतात, आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत तर त्याच्याही खाली. माझा आकडा सेहेचाळीस होता.

"पण याने मनावर घेतलं तर?" बाबांनी शेवटचा प्रश्न विचारला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुरुजी, वजन उतरायला लागलं की शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. मग ते भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. गेलेलं परत मिळेपर्यंत त्याला चैन पडत नाही. मन किती दिवस भांडेल?"

माणदेशातल्या माणसाला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. बाबा गप्प झाले. मी मात्र आतून हललो. ज्याला मी आयुष्यभर माझा नादानपणा समजत होतो, ते माझ्या शरीराचे इमानी काम होते. आजीसारखेच तेही बहात्तर साल विसरायला तयार नव्हते.

शस्त्रक्रियेचे नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही थोडा अधिक भाग कापून काढतात. उरते ते केळ्याच्या आकाराची एक नळी. नुसती जागाच कमी होते असे नाही. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे एक संप्रेरक आहे, जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधले. ते मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, तो भागच निघून जातो. वजनासाठी जठरावर शस्त्रक्रिया करण्याची कल्पना त्याहून जुनी. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रोग्यांचे वजन उतरते हे एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले होते, आणि १९६६ साली त्यांनी अमेरिकेत आयोवा येथे जठराच्या बायपासची सुरुवात केली.

घरी आजीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाठीला लागल्याली पोटं म्या लई बघितली. भरल्यालं पोट कुणी कापून टाकल्यालं न्हाई बघितलं." आई काहीच बोलली नाही. चुलीकडे तोंड करून तिने डोळे पुसले, आणि 'धूर लई झालाय' म्हणाली. चूल विझून तास झाला होता.

विमा होता, पण या शस्त्रक्रियेसाठीची त्याची मुदत पुरी व्हायची होती. बाबांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले. मे २०२४ चा मुहूर्त ठरला. आधी दोन आठवडे फक्त पातळ आहार. त्यामुळे यकृतातली चरबी घटते, ते आक्रसते आणि दुर्बिणीला जठरापर्यंत वाट मिळते. त्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले होते. त्यांनी विचारले, "राग आला की काय करतोस?" मी म्हटले, "हसतो." "आणि मग?" मी म्हटले, "मग खोलीवर जाऊन खातो." त्यांनी ते लिहून घेतले. एवढे खरे उत्तर मी त्याआधी कुणालाच दिले नव्हते.

संमतिपत्रावर धोके ओळीने छापलेले होते. शिवणीतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी, आणि अगदी विरळा पण छापलेला, मृत्यू. माझे वय वीस, म्हणून सही मलाच करायची होती. बाबांनी खिशातले पेन काढून टोपण उघडून दिले. निकालपत्रांवर सह्या करायचे त्यांचे ते पेन. त्यांचा हात कापत होता आणि माझा नव्हता, याचे मला अजून नवल वाटते.

भूल उतरली तेव्हा पोटावर पाच लहान छिद्रे होती आणि दुखत होता तो खांदा. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूचा हा प्रताप, असे सिस्टरने सांगितले. गुठळी होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी त्यांनी मला चालवले. सलाईनचा स्टँड हाती धरून वॉर्डातून फिरताना मी वारीला निघाल्यासारखा दिसत होतो. दुसऱ्या दिवशी औषधाच्या इवल्याशा पेल्यात तीस मिलिलिटर पाणी मिळाले. ते अर्धा तास घोट घोट प्यायचे. तांब्या घशात उलटा करणारा मी, त्या पेल्यातले शेवटचे थेंब काही संपवू शकलो नाही.

पुढचे दिवस सोपे होते असे सांगितले तर ते खोटे ठरेल. दोन आठवडे पाण्यासारखे पातळ, मग घुसळलेले, मग मऊ. साधे जेवण सुरू व्हायला दीड महिना गेला. जेवताना पाणी प्यायचे नाही. प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावायचा. एकदा सवयीने अर्धी पोळी भराभर खाल्ली आणि छातीत दगड अडकावा तशी कळ आली. सारे बाहेर पडल्यावरच सुटका झाली. चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. ते पुन्हा उगवले, पण जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या आता जन्माच्या सोबती आहेत. आणि एक गोष्ट दुर्बिणीला दिसत नाही. पोट भरते, पण मन ताटाभोवती घुटमळत राहते. पूर्वी राग, एकटेपणा, परीक्षेची भीती सारे मी भाकरीबरोबर गिळत असे. आता त्यांना ठेवायला जागा उरली नव्हती. कित्येक संध्याकाळी मी विनाकारण रडलो आहे.

त्या सुट्टीतला एक दिवस मी विसरणार नाही. आईने मऊ भात आणि मुगाचे वरण कालवून वाटीत दिले होते. चार चमच्यांत पोट भरले. समोर आजी बसलेली. अर्धी वाटी उरलेली. लहानपणापासूनचा धाक उफाळून आला आणि मी पाचवा चमचा उचलला. आजीने माझे मनगट धरले. "ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली, "टाक ते." बहात्तर सालानंतर त्या घरात 'टाक' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला असेल. उरलेला भात तिने कोंबड्यांना घातला आणि पदराला हात पुसत माझ्याकडे न पाहता आत गेली.

टी.वाय.ला कॉलेजात आलो तो अठरा किलो घटवून. काय झाले होते, असे सर्वांनी विचारले. मी सांगितले, "अपेंडिक्स." वजनाचे विचारले तर म्हणालो, "चालतो आणि गोड सोडलं." पुढे आणखी उतरले तशी स्तुती वाढली. 'याला म्हणतात निश्चय' असे म्हणून एका सरांनी भर वर्गात माझे उदाहरण दिले. मी मान खाली घालून ते घेतले. लोकांना ते विनयाचे लक्षण वाटले.

जानेवारी २०२५ चे गॅदरिंग आले. मी शहाण्णव किलोवर होतो आणि माझ्या नावाची एकही चिठ्ठी निघाली नाही. निघाली ती एफ.वाय.मधल्या एका मुलाच्या नावाची. जुनाच मासा, नवे पाणी. हॉल दणाणला. तो मुलगा उठला, पोटावरून हात फिरवला आणि चारी दिशांना नमस्कार केला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मीही हसतो आहे. जठराचा तीन चतुर्थांश भाग काढून टाकला, पण तो हसणारा मी जसाच्या तसा शिल्लक होतो.

दोन दिवसांनी तो मुलगा होस्टेलच्या जिन्यात मला भेटला. "दादा, तू कसं कमी केलंस?" मी नेहमीचे उत्तर दिले. त्याने ते वहीत लिहावे तसे ऐकून घेतले.

मार्चमध्ये तो पुन्हा आला. त्याने खानावळीत रात्रीचे जेवण बंद केले होते, काकड्यांवर दिवस काढले होते. धावताना ग्राउंडवर एकदा चक्कर येऊन पडलाही होता. पाच किलो उतरले होते आणि सहा परत आले होते. तो हसत म्हणाला, "दादा, तुला जमलं. माझ्यातच काही खोट आहे."

माझे वाक्य. जसेच्या तसे. माझ्या एका खोटेपणाने ते त्याच्या तोंडी घातले होते.

मी त्याला खोलीवर नेले, दार लावले आणि शर्ट वर केला. पाच व्रण त्याने एकेक करून मोजले. मग मी सारे सांगितले : बाबांचे घड्याळ, कर्ज, तीस मिलिलिटर पाणी, गळणारे केस. तूही हेच कर, असे मी त्याला सांगितले नाही. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही, आणि लागते की नाही ते जिन्यात ठरत नसते. पण डॉक्टरकडे जा, तपासण्या करून घे, आणि ही लाज आधी उतरव. तिचे वजन सर्वांत जास्त असते, एवढे सांगितले. तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुझ्यातही खोट नव्हती?"

वीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. शस्त्रक्रिया करून घेतली, पण ती लपवताना मी मनोमन त्याच लोकांच्या बाजूने उभा होतो, ज्यांच्या मते लठ्ठपणा हा गुन्हा आणि उपचार ही पळवाट. ताप आला तर औषध घेतल्याचे आपण लपवीत नाही.

आज मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. वजन चौऱ्याऐंशी किलो. रात्री श्वास थांबत नाही, वर्गात झोप येत नाही. भाषाविज्ञानाच्या तासाबद्दल मात्र छातीठोकपणे सांगवत नाही. बाबांचे हप्ते अजून चालू आहेत. फिशपाँडची पेटी यंदाही जिमखान्याबाहेर ठेवली जाईल. ती ठेवू नये असे मी म्हणत नाही. आपल्या कॉलेजात तेवढे हसे मलाही हवे आहे. फक्त चिठ्ठी टाकण्यापूर्वी, जो सर्वांत मोठ्याने हसतो तो रात्री खोलीवर जाऊन काय करतो, एवढा विचार मनात यावा.

हा लेख दिला तेव्हा संपादकांनी आपुलकीने विचारले, "खाली नाव घालू की 'एक विद्यार्थी' एवढंच पुरे?"

मी म्हटले, "नाव घाला. वर्गही घाला."