तेरच्या शंखापासून मालवणच्या रापणीपर्यंत

धाराशिव जिल्ह्यांत समुद्र नाहीं, हें सांगावयास भूगोलाचें पुस्तक उघडावें लागत नाहीं. बालाघाटाच्या माथ्यावर वसलेल्या आमच्या मुलखास पावसाचेंच पाणी जेथें पुरत नाहीं, तेथें खाऱ्या पाण्याच्या गोष्टी कोण काढणार? शिवाय आम्हां देशस्थ घराण्यांचा माशाशीं संबंध म्हणजे मत्स्यावतारापुरता. तेव्हां गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब मालवणास निघालों तें 'एका माशाची चौकशी करावयास', हें कळतांच आळींतील वडीलधाऱ्या मंडळींनीं उलट आमच्याच प्रकृतीची चौकशी केली, यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं.

कारण घडलें तें असें. धाकट्या बंधूंची कन्या, वय वर्षें अकरा, हिला घेऊन आम्ही तेर येथें गेलों होतों. तेरणेच्या कांठचें हें गांव म्हणजे प्राचीन 'तगर'. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषी नावाड्यानें लिहून ठेविलेल्या समुद्रप्रवासाच्या वहींत त्याचें नांव आहे. पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील हें नगर, आणि येथील कापड गाड्यांतून वाटा नसलेल्या मुलखांतून भडोचच्या बंदरास जातें, असें तो सांगतो. तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयांत हस्तिदंताच्या, भाजलेल्या मातीच्या आणि शंखाच्या वस्तू मांडल्या आहेत. शंखापाशीं मुलगी थबकली. "आबा, आपल्याकडे शंख कुठून आला?" आम्हीं गाड्या, बैल, भडोच हें सारें सांगितलें. लगेच दुसरा प्रश्न : "मग समुद्रांतला सगळ्यांत मोठा मासा कोणता?" आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें 'देवमासा' असें उत्तर दिलें. "आबा, देवमासा मासा नाहींच मुळीं! तो पिलांना दूध पाजतो." संग्रहालयांतील रखवालदारही हंसला. परतल्यावर आम्ही ग्रंथ धुंडाळूं लागलों, आणि अकरा वर्षांच्या पोरीनें केलेल्या या पाणउताऱ्याचें प्रायश्चित्त म्हणून ही यात्रा ठरली.

सर्वांत मोठा मासा ही एक मुशी आहे. इंग्रजींत तिला व्हेल शार्क म्हणतात. शार्क म्हणजे मुशी आणि व्हेल म्हणजे देवमासा; म्हणून या लेखापुरतें आम्ही तिला देवमुशी म्हणतों. १८२८ सालीं अँड्र्यू स्मिथ यांनीं दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेल्या एका देवमुशीवरून तिचें शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. आपल्या मुंबईजवळ किनाऱ्यास लागलेल्या एका देवमुशीविषयीं मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेचे प्रेटर यांनीं १९४१ सालीं संस्थेच्या नियतकालिकांत लेख लिहिला. म्हणजे ही पाहुणी आपल्या किनाऱ्यास नवी नाहीं, नवखे आम्हीच.

सोलापूर, मिरज, कोल्हापूर असा प्रवास करीत आम्ही फोंडा घाटानें खालीं उतरलों. मिरजेस गाडी थांबली तेव्हां घरांतील मंडळींस २०१६ च्या उन्हाळ्याची आठवण झाली. १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या लातुरास त्या वर्षीं याच मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी गेलें. पहिल्या खेपेस दहा डब्यांतून सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. आतां देवमुशीचा हिशेब ऐकावा. सुमारें सहा मीटर लांबीची देवमुशी पृष्ठभागाशीं चरत असतां तासाभरांत सहाशें घनमीटर, म्हणजे सहा लाख लिटर, पाणी तोंडांतून गाळून सोडते, असें शास्त्रज्ञांनीं मोजलें आहे. लातूरची ती आख्खी आगगाडी तिला एक तासही पुरली नसती! हें ऐकून आमच्या वहिनींनीं हातांतील तांब्या जरा जपून खालीं ठेविला.

एवढें पाणी ती पीत नाहीं, चाळते. तिचें तोंड इतर मुशींप्रमाणें खालच्या अंगास नसून थेट समोर असतें आणि मोठ्या मुशीचें तें दीड मीटरपर्यंत रुंद उघडतें. आंत सुमारें तीन हजार दांत आहेत, पण ते इतके बारीक कीं चावण्याच्या कामाचे नव्हेत. कल्ल्यांपाशीं चाळणीसारखे गाळे असतात. पाणी त्यांतून बाहेर जातें, आणि तरंगते सूक्ष्म जीव, कोळंबीसारखे बारीक प्राणी, माशांचीं अंडीं, लहान मासे एवढें आंत राहतें. गाळणी तुंबली म्हणजे ती चक्क खोकते. कांहीं वेळां शेपूट खालीं व तोंड वर अशी पाण्यांत उभी राहून अन्न ओढून घेते. पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या माशाचा आहार असा पोळीवरच्या पिठाएवढा बारीक असावा, ही गोष्ट आम्हांस अजून नवलाची वाटते.

तिची लांबी? पन्नास-साठ फूट ही मोजणीची वरची मर्यादा. सामान्यतः दिसणाऱ्या मुशी याहून पुष्कळ लहान असतात. पाठीवर करड्या निळसर रंगांत पांढरे ठिपके व रेघा असतात, आणि एकीचे ठिपके दुसरीसारखे कधींच नसतात. २००५ सालीं शास्त्रज्ञांनीं एक युक्ति केली. आकाशांतील तारकापुंज ओळखण्यासाठीं ज्योतिर्विद ज्या गणिताचा उपयोग करतात, तेंच त्यांनीं या ठिपक्यांना लाविलें, आणि छायाचित्रांवरून प्रत्येक मुशी ओळखतां येऊं लागली. पत्रिकेशीं ग्रहताऱ्यांचा संबंध आपणांस परिचित आहे. येथें मात्र पाठीवरच पत्रिका काढलेली.

मत्स्यावताराची कथा वाचकांस ठाऊकच आहे. मनूच्या ओंजळींत आलेला इवलासा मासा आधीं कुंभांत, मग खड्ड्यांत, शेवटीं समुद्रांतच मावला. देवमुशीचें चरित्र याहून फारसें निराळें नाहीं. १९९५ सालीं तैवानच्या किनाऱ्यावर पकडलेल्या एका मादीच्या पोटांत तीनशें पिलें सांपडलीं. त्यावरून अंडीं पोटांतच उबवून ती जिवंत पिलें प्रसवते, हें निश्चित झालें. २००९ सालीं फिलिपाईन्सच्या एका किनाऱ्यावर अवघें अडतीस सेंटिमीटर लांबीचें जिवंत पिलूं मिळालें, हातभरही नव्हे! प्रत्यक्ष प्रसूति मात्र आजवर कोणाच्या दृष्टीस पडलेली नाहीं. तिचें वय मोजण्याची तऱ्हाही विलक्षण आहे. तिच्या कूर्चेच्या मणक्यांवर झाडाच्या खोडाप्रमाणें वलयें पडतात. गेल्या शतकाच्या मध्यास अणुबाँबच्या चाचण्यांनीं हवेंत व समुद्रांत जो किरणोत्सर्गी कार्बन वाढला, त्याची खूण या वलयांत सांपडली. तिच्या आधारें २०२० सालीं असें सिद्ध झालें कीं वलय वर्षास एकच पडतें, आणि पाकिस्तानांत सांपडलेली दहा मीटर लांबीची एक मादी पन्नास वर्षांची होती. वयांत येण्यासच तिला पाव शतकाहून कमी काळ लागत नसावा. संसार इतका सावकाश चालणाऱ्या प्राण्याची एकदां कत्तल झाली म्हणजे ती तूट भरून येण्यास पिढ्या जातात.

आणि कत्तल झाली. गेल्या शतकाच्या अखेरीस सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या आसपास, देवमुशी मोठ्या गळांनीं पकडून मारीत. गळास पिंपें बांधीत, म्हणून तिचें नांवच 'बॅरल' पडलें. पूर्वीं तिच्या यकृताचें तेल नौकांच्या लाकडास चोपडीत. पुढें मांस परदेशीं जाऊं लागलें आणि शिकार वाढली. माईक पांडे यांनीं २००० सालीं या कत्तलीचा चित्रपट काढला. २००१ च्या मे महिन्यांत सरकारनें देवमुशीस वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविलें. तथापि कायदा समुद्रांत पोहोंचतो किती? पोहोंचली ती गोष्ट निराळीच. २००४ सालीं गुजराथेंत जी मोहीम निघाली तींत कथाकार मोरारी बापूंनीं कोळ्यांस सांगितलें कीं ही बाळंतपणास माहेरीं आलेली लेक आहे; तिला 'व्हाली', म्हणजे लाडकी, म्हणा. ज्या हातांनीं गळ टाकले त्यांनींच पुढें स्वतःचीं जाळीं कापून शेंकडों देवमुशी मोकळ्या केल्या. शास्त्राच्या काट्यावर ती लेक खरोखर बाळंतपणासच येते असें अजून सिद्ध झालेलें नाहीं. आमच्या वहिनींस हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "भावोजी, माहेरीं यायला कारण लागतें का?" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मालवणास पोहोंचल्यावर दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही किनाऱ्यावर गेलों. समोर पाण्यांत सिंधुदुर्गाची तटबंदी, आणि अलीकडे रापणीची तयारी. होडी जाळें सोडीत अर्धवर्तुळ घेऊन परत येते. दोहों बाजूंचे दोर किनाऱ्यावरील मंडळी ओढतात. जाळें एकाचें नसतें. वांटेकरी अनेक, आणि मिळकतीचे भागही तितकेच. येथेंच खरी अडचण आहे, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

एक वृद्ध तांडेल वाळूंत बसून जाळें दुरुस्त करीत होते. आम्हीं नमस्कार करून विचारिलें, "तांडेल, आपल्या रापणींत कधीं ती ठिपक्यांची मोठी मुशी आली होती काय?" त्यांनीं मान न उचलतांच सांगितलें कीं आली होती, होडीहून लांब. तरुण पोरें घाबरलीं. "अहो, तो कोणाक काय करता? तोंड उघडून पाणी पिता नि जाता," तांडेल म्हणाले. "जाळ्यात इलो तर त्येचो काय दोष?" परंतु सकाळभर ओढलेलें जाळें कापावयाचें म्हणजे आंतले मासेही गेले आणि पुढचे कित्येक दिवस रापणही बंद. वांटेकऱ्यांपैकीं कांहीं 'कापा' म्हणाले, कांहीं 'थांबा' म्हणाले. थांबावें तर उथळ पाण्यांत तो जीव स्वतःच्याच भारानें खचणार. शेवटीं तांडेलांनीं स्वतः सुरी घेतली.

महाराष्ट्रांत २०१८ च्या अखेरीपासून अशा प्रसंगीं कापलेल्या जाळ्याबद्दल पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. सोडल्याचें छायाचित्र वा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते. तांडेलांच्या जाळ्यांतून ती सुटली तेव्हां चित्र काढण्याचें कोणास भानच राहिलें नाहीं. आम्हीं हळहळ व्यक्त केली. ते नुसते हंसले आणि सुतळी दांतांनीं तोडून पुढची गांठ मारूं लागले. योजना चांगली आहे यांत शंका नाहीं. परंतु कंबरभर पाण्यांत, दोर ताणलेले असतां, आधीं चित्र काढणें कोणास सुचावें, एवढें आमचें म्हणणें.

आम्हांस देवमुशी दिसली नाहीं. तीन दिवस किनाऱ्यावर घालवून, किल्ल्यांत जाऊन, होडींतून फिरूनही नाहीं. पुतणीनें मात्र तांडेलांपाशीं बैठक मारली होती. जुन्या जाळ्यांत नव्या निळ्या दोऱ्याचा मोठा पट्टा होता. मुशी जेथून सुटली ती ही जागा. ती गांठी मोजीत होती. दोनशेंपर्यंत पोहोंचली तोंच पलीकडून हांक आली, रापण किनाऱ्यास लागत होती, आणि तांडेल उठले. बांगडे बरे आले होते. तिलाही दोराचें एक टोंक धरावयास मिळालें.